हापशी मोडली कोणी? : रोजच्या जगण्यातलं न दिसणारं डिझाइन

(वाशीम जिल्ह्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मघाशी मी सभागृहाच्या दारापाशी पाच मिनिटं उभा होतो. मुद्दामच. आत येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दार आधी ढकललं. ते उघडलं नाही, मग ओढलं. आणि दार उघडल्यावर जवळपास प्रत्येक जण थोडासा ओशाळला. एक ताई तर मला सॉरी म्हणाल्या. हसू नका, मीही आधी ढकललंच होतं. दाराच्या दोन्ही बाजूंना एकसारखीच मूठ बसवलेली आहे. ओढायचं की ढकलायचं, हे दार सांगतच नाही. मग ओशाळायचं कोणी? आपण, की दार बसवणाऱ्यानं?

आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९८८ साली रोजच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं, त्यात अशा दारांची चर्चा आहे. तेव्हापासून जगभर अशा दारांना ‘नॉर्मनचे दरवाजे’ म्हणतात. त्यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. वस्तू नीट वापरता आली नाही की माणूस वस्तूला दोष देत नाही, स्वतःला देतो. अमेरिकेतला शिकलेला माणूसही देतो. मग आपल्याकडे शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाचं काय होत असेल?

माझ्या आईचं सांगतो. आई सातवीपर्यंत शिकलेली. घरचा, शेतातल्या मजुरीचा, दुधाचा सगळा हिशेब तिच्या तोंडावर. एकदा बँकेत पैसे काढायला गेलो. मी म्हटलं, स्लिप तूच भर. खात्याचा लांबलचक आकडा, आणि तो लिहायला मुंगीएवढ्या चौकटी. एक आकडा खालीवर झाला, स्लिप फाडली. दुसरी घेतली, तारखेच्या जागी रक्कम गेली. तिसऱ्या स्लिपला काउंटरवरचा मुलगा वैतागला, मागची रांग कुरकुरायला लागली. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “मलेच नाही समजत बापा.” बँक कोणती हे महत्त्वाचं नाही, तशी स्लिप तुम्हाला कुठेही मिळेल. पण चाळीस वर्षं घराचा हिशेब सांभाळणाऱ्या बाईला एका कागदानं पाच मिनिटांत अडाणी ठरवलं, आणि तिनं ते मान्य केलं. मला राग त्या मान्य करण्याचा आला.

डिझाइन म्हणजे नक्षी?

डिझाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साडीचा काठ येतो, मेंदी येते, ब्लाउजचा गळा येतो. फार तर नव्या बंगल्याचं एलिव्हेशन. सरकारी मराठीत ‘अभिकल्प’ असा शब्द आहे, पण तो चहाच्या टपरीवर कोणी वापरलेला मी ऐकलेला नाही. म्हणून आज आपण डिझाइनच म्हणू.

माझी व्याख्या साधी आहे. एखादी वस्तू कोण वापरणार, कशी वापरणार, कुठे चुकणार, आणि मोडली तर कोण दुरुस्त करणार, याचा आधी केलेला विचार म्हणजे डिझाइन. त्यात वस्तू आली, तसाच कागद आला, फलक आला, रस्ता आला. आणि हा विचार कोणी केला नाही तरी वस्तू बनतेच. तिला कुठला तरी आकार येतोच. फक्त तो आकार वापरणाऱ्याला धरून नसतो.

आता तुम्ही म्हणाल, हे शहरातलं खूळ आहे, गावात कुठे आलं डिझाइन? तर आधी तिफणीकडे या.

तिफण आता अडगळीत गेली. ट्रॅक्टरची पेरणी आली. पण इथल्या पन्नाशीच्या पुढच्यांनी तिफण चालताना पाहिलेली आहे. तीन फण, म्हणून तिफण. वर लाकडात कोरलेलं चाडं. चाड्यातून खाली फणांपर्यंत उतरलेल्या पोकळ नळ्या. मागे चालणारी बाई मुठीतून दाणे चाड्यात सोडते, आणि ते तिन्ही नळ्यांत सारखे वाटले जातात. दोन फणांतलं अंतर पिकाप्रमाणे. मुख्य पिकासोबत आणखी एखादी ओळ पेरायची असेल तर मागे सरतं बांधायचं. यात एकही गोष्ट शोभेची नाही.

ही तिफण बनवायचा गावातलाच सुतार. त्याला वर्षाचं बलुतं मिळायचं, धान्यात. म्हणजे तिफण चालली, पीक आलं, तर त्याच्या घरी धान्य येणार. फण वाकडा बसला, चाड्यात दाणे अडकले, की दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी त्याच्या दारात उभा. “काय बनवलं हे?” सुताराला पळायला जागा नव्हती. तो त्याच गावात राहायचा, तेच पीक खायचा.

मी जुन्या दिवसांचे गोडवे गात नाही. बलुतेदारीत जातीचं ओझं होतं, ते कोणालाही परत नको आहे. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. बनवणारा आणि वापरणारा जवळ होते, म्हणून चूक बनवणाऱ्याच्या पदरात पडायची. पुढे वस्तू कारखान्यात बनू लागल्या, कागद मंत्रालयात बनू लागले. बनवणारा शेकडो कोसांवर गेला. त्याच्या दारात जाऊन उभं राहायची सोय उरली नाही. आणि चूक मग जो जवळ आहे त्याच्या गळ्यात पडायला लागली. म्हणजे आपल्या.

हे किती महागात पडतं, याची तीन उदाहरणं देतो. पाणी, औषध आणि जमीन.

पाणी : एका कुटुंबाची हापशी, अख्ख्या गावाला

१९७२ चा दुष्काळ इथल्या ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. आपल्या पायाखाली काळा पाषाण, बेसॉल्ट. विहिरी आटल्या की पाणी खोल खडकाच्या भेगांमध्ये. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं देशात आली, कठीण खडकात बोअर घेता यायला लागले. गावोगाव बोअर झाले आणि त्यांच्यावर हापशा बसल्या.

या हापशा कोणत्या होत्या? बिडाच्या. युरोप-अमेरिकेतल्या नमुन्यांवरून ओतलेल्या. तिकडे तशी हापशी असायची एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात. घरात पाच-सहा माणसं, दिवसातून थोडा वेळ दांडा हलणार. तीच हापशी आपण गावाच्या मधोमध रोवली. पहाटे चारला पहिला गुंड लागतो, तिथून रात्रीपर्यंत दांडा थांबत नाही.

व्हायचं तेच झालं. १९७४ मध्ये युनिसेफनं पाहणी केली तेव्हा कुठल्याही वेळी सुमारे ७५ टक्के हापशा बंद असतात, असं दिसलं. शंभरातल्या पंचाहत्तर! बोअरला पाणी आहे, खर्च झालेला आहे, आणि बाई पुन्हा दोन कोसांवरच्या नाल्याकडे चाललेली आहे.

अशा वेळी आपण काय म्हणतो? “फुकटचं मिळालं की किंमत नसते. पोरं दांड्याला लोंबकळतात. गावाला वस्तू सांभाळता येत नाही.” आजही बंद हापशीपाशी उभे राहा, हेच ऐकू येईल. पण शंभरातल्या पाच मोडल्या असत्या तर पोरांना दोष देता आला असता. पंचाहत्तर मोडतात तेव्हा पोरांकडे बघायचं नसतं, हापशीकडे बघायचं असतं.

तसं बघणारी माणसं निघाली, आणि ती कुठे निघाली? आपल्या शेजारी. जालन्याला एका मिशनचं पाण्याचं काम चालू होतं. रोज त्याच त्या हापशा दुरुस्त करून कंटाळलेल्या लोकांनी तिथे बिडाचं डोकं काढून पोलादाचं केलं. दांड्याला अनेक खिळ्या होत्या, त्या जाऊन एकच आस आला, त्याला बॉलबेअरिंग आलं. सोलापुरात आणखी सुधारणा झाली. दांड्याच्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखा गोलाईदार भाग आणि त्यावर साखळी. साखळीनं काय होतं? दांडा गोलाकार फिरला तरी आतली सळई सरळ वर ओढली जाते, आडवी घासत नाही. घासणं थांबलं, की झीज थांबली.

सोलापूरच्या या पंपाचा पाया घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून जी हापशी घडवली ती ‘इंडिया मार्क टू’. १९७७-७८ पासून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीत ती बनू लागली. आज गावात तीन पायांवर उभी असलेली, लांब भरीव दांड्याची जी हापशी दिसते, ती बहुतेक हीच. तो दांडा भरीव का आहे, कधी विचार केलाय? त्याचं वजन आतल्या सळयांच्या वजनाला तोलून धरतं. म्हणून पन्नाशीची बाईसुद्धा दीडशे फुटांवरचं पाणी उपसू शकते. तो जडपणा मुद्दाम ठेवलेला आहे.

आणखी एक निर्णय फार मोठा होता. हे डिझाइन कोणा एका कंपनीच्या पेटंटमध्ये अडकवलं नाही. त्याचं भारतीय मानक झालं, आयएस ९३०१. त्यामुळे एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या हापशीला बसतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात अशा सुमारे ५० लाख हापशा बनून बसल्या होत्या. आफ्रिकेतल्या गावांतही त्या आहेत. जालना-सोलापूरच्या वर्कशॉपमध्ये लावलेलं डोकं कुठवर गेलं बघा. आणि गावाला याची खबरच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. मार्क टू कमी मोडायची, पण मोडायची. बहुतेकदा आतलं वायसर जायचं. वायसर केवढं? तळहातात मावेल एवढं. ते बदलायला सगळे लोखंडी पाइप जमिनीतून वर ओढावे लागायचे. त्याला चार-पाच माणसं, खास हत्यारं आणि तालुक्याहून गाडी. गाडी येईपर्यंत हापशी बंद. मग ऐंशीच्या दशकात कोइमतूर भागात पाच वर्षं चाचण्या झाल्या आणि मार्क थ्री आली. तिचा पाइप रुंद ठेवला, ६५ मिलिमीटरचा. त्यामुळे पाइप जागेवर ठेवून फक्त सळई आणि दट्ट्या वर काढता येतो. गावातल्याच दोन माणसांना वायसर बदलता यावं, असा हेतू. म्हणजे आता विचार ‘कोण वापरणार’ यापुढे गेला आणि ‘कोण दुरुस्त करणार’ इथपर्यंत आला.

मागच्या ताई काही म्हणताहेत. बोला. ... हो, बरोबर. त्या म्हणताहेत, पाणी निघते, पण भरलेला गुंड खालून उचलून डोक्यावर घ्यायला दुसरी बाई लागते. पाहा, एवढ्या मोठमोठ्या संस्थांनी विचार केला, पाण्याला जमिनीतून वर आणलं, पण ओट्यावरून डोक्यापर्यंतचे शेवटचे चार फूट राहून गेले. ओट्याशेजारी कमरेएवढा एक कट्टा बांधला की काम होतं. गुंड आधी कट्ट्यावर, मग डोक्यावर. खर्च एक पोतं सिमेंट. हे ताईंना सुचलं, कारण मान त्यांची दुखते. वापरणाऱ्याला विचारायचं ते यासाठी.

औषध : वाचता येणाऱ्यांसाठी लिहिलेलं विष

आता दुसरं उदाहरण. ते सांगताना मला जड जातं.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं, तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. काहींची दृष्टी अधू झाली. त्या वर्षी पराटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर मारावा लागायचा आणि तोंडावर यायचा, असं तेव्हा वाचलं असेल. चौकशा झाल्या, कारणं अनेक निघाली: औषधांचं मिश्रण, नवे पंप, विक्रेत्यांचे सल्ले. पण पारावरचं बोलणं कुठे येऊन थांबलं? “मास्क घातला नाही. वाऱ्याच्या दिशेनं फवारलं नाही. बाटलीवर लिहिलेलं वाचलं नाही.”

वाचलं नाही! चला, बाटली वाचू.

कीटकनाशकाच्या लेबलवर काय असावं, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरलेलं आहे. टोकावर उभा केलेला एक चौकोन, पतंगासारखा. तो लेबलच्या किमान सोळाव्या भागाएवढा असावा. म्हणजे पंधरा भाग बाकीच्या मजकुराला आणि एक भाग जिवाच्या इशाऱ्याला. चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग सांगतो की विष किती जहाल. लाल म्हणजे अति जहाल. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. कवटी आणि हाडांचं चित्र फक्त लालवर असतं. बाकीच्यांवर शब्द असतात, ‘विष’, ‘धोका’, ‘सावधान’ अशा अर्थाचे.

मी इथे बसलेल्यांना विचारतो. हे चार रंग उतरत्या क्रमानं कोणाला माहीत होते? हात वर करा. ... सात. दीडशे माणसांत सात. आणि त्यातले दोघे कृषी केंद्रवाले आहेत, असं दिसतंय.

आता रंगांचा विचार करा. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, त्याचा अर्थ शाकाहारी, खायला चालतं. सिग्नलवर हिरवा म्हणजे जा. दिवसभर हिरवा रंग आपल्याला ‘बिनधोक’ असं सांगतो आणि विषाच्या बाटलीवर तोच हिरवा ‘हेही विषच आहे, थोडं सौम्य’ असं सांगू पाहतो. निळ्या रंगाला तर आपल्याकडे धोक्याचा अर्थच नाही. आमच्या लहानपणी निळा म्हणजे कपड्यांची नीळ. हा संकेत शिकवल्याशिवाय कळणारा नाही, आणि तो आपल्याला कोणी शिकवलेला नाही.

शिवाय मजकूर हिंदीत हवा, इंग्रजीत हवा, त्या भागातल्या एक-दोन भाषांत हवा. हेतू चांगलाच आहे. पण वितभर बाटलीवर तीन-चार भाषा बसवल्या की अक्षर भिंगातून वाचण्याएवढं होतं. फवारणीला जाताना चष्मा घरी असतो, हात ओले असतात, डोक्यावर ऊन असतं. आणि सुरक्षेचा पोशाख? अंगभर जाड, रेनकोटसारखा. ऑक्टोबरच्या उन्हात पाठीवर पंधरा-वीस लिटरचा पंप घेऊन तो दोन तास घालून दाखवा, असं मी तो बनवणाऱ्याला म्हणेन. जो पोशाख उन्हात घालताच येत नाही तो ‘मजुरानं घातला नाही’ असं म्हणणं, हे त्या बिडाच्या हापशीसारखंच झालं.

काही जण म्हणतात, “आपल्याकडे लोक शिकलेले नाहीत, त्याला काय करणार?” त्यांना मी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची आठवण देतो. १९५१-५२ साली. तेव्हाच्या जनगणनेनुसार देशात साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. वाचता येणाऱ्यांनीच मत द्यावं, असं म्हणणारेही होते. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगानं उलटं केलं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावलं. चिन्हं कोणती? बैलजोडी, झोपडी अशी, रोज डोळ्यांसमोर असलेली. ज्याला एक अक्षर येत नव्हतं त्यानं राज्य निवडलं. आजच्या मतदान यंत्राच्या डिझाइनवर आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी काम केलं, पण मूळ कल्पना तीच राहिली. चिन्ह, आणि चिन्हाच्या शेजारी बटण.

मग माझा प्रश्न असा आहे. मत देण्यासाठी ज्या माणसाला वाचता येण्याची अट नाही, त्याला विषापासून जीव वाचवण्यासाठी वाचता येण्याची अट का?

आणि आपल्या हातातली एक गोष्ट. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. बाटलीचा आकारही बोलतो. पाण्याची बाटली ‘मला पी’ म्हणते. लहान मूल लेबल वाचत नाही, आकार वाचतं.

जमीन : कंसातला मेलेला माणूस

आता तिसरं उदाहरण, आणि हे थोडं आशेचं आहे. तुमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा कागद, सातबारा.

गावाच्या महसुली कामाचे एक ते एकवीस नमुने असतात. त्यातला सातवा नमुना जमीन कोणाची हे सांगतो, बारावा त्यात काय पेरलं ते सांगतो. म्हणून सातबारा. कर्ज, पीकविमा, वाटणी, सोयरीक, सगळं या कागदावर चालतं.

जुन्या सातबाऱ्यावर एक पद्धत होती. खातेदार वारला किंवा कर्ज फिटलं, की त्या नोंदीला कंस करायचा. तलाठ्यांच्या भाषेत ‘कंस करणे’ म्हणजे रद्द करणे. त्यांना ते पक्कं माहीत. पण शाळेत आपण कंस कशाला शिकलो? जास्तीची माहिती द्यायला. त्यामुळे शेतकरी उतारा बघतो, तर फिटलेलं कर्ज तिथेच, आजोबांचं नाव तिथेच, फक्त कंसात. ‘बोजा उतरलाच नाही’ म्हणून तो पुन्हा तलाठी कार्यालयात चकरा मारतो. शेजारी सांगतो, तुले समजत नाही. हा आपला ‘मलेच नाही समजत’ वाला ठेका इथेही आहेच.

२ सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयानं सातबाऱ्याचा नमुना बदलला. बरेच बदल झाले, त्यातले दोन-तीन पाहा. मयत खातेदार आणि उतरलेले बोजे यांवर आता आडवी रेघ मारलेली दिसते. रेघ मारली म्हणजे खोडलं, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेषा आली, नावं एकात एक घुसेनाशी झाली. खाते क्रमांक थेट खातेदाराच्या नावासमोर आला. प्रलंबित फेरफार असेल तर तो दिसू लागला, म्हणजे जमीन घेणाऱ्याला आधीच सावध होता येतं. लागवडीचं क्षेत्र, पोटखराब आणि त्यांची बेरीज, हे वेगळं लिहिलं जाऊ लागलं.

यात नवीन कायदा नाही, मोठा खर्च नाही. कंसाच्या जागी रेघ. पण त्या रेघेमागे कोणीतरी बसून विचार केला की हा कागद शेवटी वाचणार कोण? तलाठी, की ज्याची जमीन आहे तो? डिझाइन म्हणतात ते हेच. कोणी त्याला टाळ्या वाजवल्या नाहीत. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी नवा उतारा काढला असेल आणि तो जरा सोपा झालाय हे जाणवलंही नसेल. चांगल्या डिझाइनच्या वाट्याला हेच येतं, काम नीट झालं की ते दिसेनासं होतं.

सगळं झालं का? नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आहे आणि आपण मनात एकर मोजतो. उताऱ्यावर १.६२ लिहिलेलं असतं, त्याचे चार एकर होतात. पण १.६२ वाचून नव्या माणसाच्या डोक्यात ‘दीड-पावणेदोन’ येतं. शेजारी एकरांचा आकडा छापला तर काय बिघडेल? माझी सूचना आहे. तुम्हीही करा.

मग आपण काय करायचं?

इथे कॉलेजची बरीच मुलं आहेत, शिक्षक आहेत, सरपंचही आहेत. जाताना तुम्हाला तीन प्रश्न देतो. कुठलीही वस्तू, फॉर्म, फलक, योजना समोर आली की विचारायचे.

पहिला. हे कोणाला डोळ्यांपुढे ठेवून बनवलंय? एका कुटुंबाला की गावाला, तरण्याला की म्हाताऱ्याला, पुरुषाला की बाईला?

दुसरा. इथे किती जण चुकतात? एक माणूस चुकला तर माणूस बघा. दहा जण त्याच जागी चुकले तर जागा बघा. शिक्षकांना विशेष सांगतो. वर्गातली तीस पोरं एकाच प्रश्नाला अडली तर पोरांना ढ म्हणण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा.

तिसरा. मोडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि त्याला यायला किती दिवस लागतील?

आणि उत्तर मिळालं की ते लिहा. ग्रामसभेत ‘हापशी बंद आहे’ एवढंच लिहू नका. ‘सहा महिन्यांत चौथ्यांदा बंद, दर वेळी साखळी तुटते’ असं लिहा. पहिलं झालं गाऱ्हाणं. दुसऱ्यात डिझाइन करणाऱ्याला लागणारी माहिती आहे. जालन्या-सोलापूरच्या लोकांकडे तेवढंच होतं. काय मोडतं, कुठे मोडतं, किती वेळा मोडतं.

एक चिठ्ठी आलीय, ती वाचतो. “सर, चूक नेहमी वस्तूचीच असते का? मग माणसाची जबाबदारी काहीच नाही?” चांगला प्रश्न आहे. नाही, जबाबदारी आहेच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला मी ब्रेकच्या डिझाइनमागे लपू देणार नाही. पण माणूस दमतो, विसरतो, घाई करतो, त्याचा डोळा चुकतो. हे सगळं बनवणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. माहीत असून त्यानं जागा ठेवली नाही, तर पहिली जबाबदारी त्याची. आपली त्यानंतर.

आईचं राहिलं. पुढच्या वेळी बँकेत जाताना मी घरूनच एक पुठ्ठा कापून नेला. स्लिपवर ठेवला की फक्त भरायच्या जागा उघड्या राहतील, अशा खिडक्या पाडलेला. मधल्या खिडकीखाली तिचा खाते क्रमांक मोठ्या आकड्यांत लिहिलेला. तिनं पहिल्याच स्लिपवर नीट भरलं. काउंटरवरच्या मुलानं स्लिप घेतली, पैसे दिले, वर पाहिलंसुद्धा नाही. पुढे गल्लीतल्या तीन बायका तो पुठ्ठा मागायला आल्या. आई त्यांना सांगत होती, “तुमचं काही चुकत नाही व माय, ते कागदच तसं आहे.”

एवढंच सांगायला आलो होतो. बाहेर पडताना दार ढकला.